पॅडचं पॅडपाशी

आमच्या लॉन्ड्रीच्या डोक्यावर मास्तरांचा हॉल होता. खाली माझी वाफ आणि वर त्यांचा घाम, असा वर्षानुवर्षांचा शेजार. वरून धप्प आवाज आला की नवीन गिऱ्हाईक दचकून छताकडे बघायचं. मी हातातली कॉलर न सोडता सांगायची, "काही नाही, वर माणसं पडताहेत." आता ती लॉन्ड्री नाही आणि तो हॉलही नाही. पण दुपारी डोळा लागला की मला अजून छतातून ती धप्प ऐकू येते, आणि क्षणभर घर भरलेलं आहे असं वाटतं.

हॉलचे कपडे माझ्याकडेच यायचे. कपड्यांवरून मला माणूस कळायचा. गुडघे आणि कोपरं झिजलेली असली की तो कुस्तीवाला, खाली लोळणारा. चड्डीची मधली शिवण उसवलेली असली की तो लाथा मारणारा. मास्तर दोन्ही शिकवायचे, कारण ज्या खेळासाठी त्यांची मुलं तयार होत होती त्यात दोन्ही चालायचं. जाळीच्या पिंजऱ्यात दोघांना सोडायचं. मारा, पाडा, आवळा, जे येतं ते करा. मास्तर स्वतः मात्र मनाने लाथवाले होते, आणि त्यांची सगळी अक्कल एकाच प्रश्नात गुंतलेली होती. पैलवानापुढे लाथ मारावी की मारू नये?

त्यांचा आवाज मोठा आणि जिना उघडा, त्यामुळे ती शिकवणी मलाही फुकट मिळाली. "पाय उचललास की तू एका पायावर उभी," ते सांगायचे. "एका पायावरच्या माणसाला पाडायला पैलवान कशाला, वारा पुरतो." कमरेच्या उंचीची लाथ म्हणजे तर पैलवानाला ताटात वाढून दिलेला पाय. त्याने तो काखेत धरला आणि एक पाऊल पुढे टाकलं की तुम्ही उताणे. तरीही मास्तर लाथ सोडायला तयार नसत. लाथेची भीतीच नसली तर पैलवान सासुरवाडीला आल्यासारखा आत शिरतो, असं ते म्हणायचे. पोटरीवर दोन-चार नीट बसल्या की त्याचा पुढचा पाय बधिर होतो, आणि ज्या पायाच्या जोरावर तो पट काढायला, म्हणजे आपले पाय धरून खेचायला, झेपावणार तो पायच त्याचं ऐकत नाही. शिवाय पट काढायला तो वाकला की त्याचं डोकं आपण होऊन लाथेच्या उंचीवर येतं. म्हणून सगळा खेळ शिस्तीचा. आधी ठोसे दाखवून त्याचे हात वर गुंतवायचे, मग लाथ. पाठ जाळीला लागलेली असताना लाथ नाही. पाय गेला तसा परत आला पाहिजे, तापल्या तव्याला बोट लागल्यासारखा. आणि कमरेची लाथ राखून ठेवायची ती राउंडच्या शेवटासाठी, दोघंही घामाने निथळत असताना, कारण ओला पाय हातातून निसटतो. "ओल्या चादरीसारखा. काय ताई, खरं ना?" असं ते जिन्यातून मला विचारायचे.

त्या हॉलमधली सगळ्यात देखणी लाथ माझ्या भाचीची होती. माझी धाकटी बहीण आजारात गेली तेव्हा पोर एवढीशी होती, ती माझ्याकडेच वाढली. माझा मुलगा तिच्याहून थोडा मोठा. नवरा घर सोडून गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. दोघं भावंडं चादरींच्या गठ्ठ्यांवर लोळत मोठी झाली. ती अंगाने इतकी बारीक की शाळेपासून सगळे तिला काडी म्हणायचे. तो तिचा दादा.

काडीच्या डाव्या पायाचा अंगठा वाकत नसे. वीज गेली तर हाताशी असावी म्हणून माझ्याकडे एक जुनी कोळशाची इस्त्री होती, लोखंडाची, चांगली जड. ती मी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची. एकदा मी हॉटेलच्या चादरी पोचवून परत आले तर इस्त्री जमिनीवर आडवी, काडी पाय धरून बसलेली आणि माझा मुलगा भिंतीला चिकटून उभा, खळ लावल्यासारखा पांढरा. मी काही विचारायच्या आत पोर म्हणाली, "मावशी, माझ्या हातून पडली." त्या फळीपर्यंत उडी मारूनही तिचा हात पोचत नव्हता. मी काही बोलले नाही. म्हटलं, हिने झाकलंय तर झाकलेलं राहू दे, अशानेच भावंडं एकमेकांना धरून राहतात. हाड जुळलं, पण अंगठ्याचा सांधा धरला तो धरलाच.

पुढे ती लाथा शिकायला लागली तेव्हा या अंगठ्याचं एक झालं. उजव्या पायाने कमरेची लाथ मारायची तर डावं पाऊल फिरावं लागतं, आणि अंगठा वाकत नसेल तर ते फिरणार कसं? म्हणून लाथेच्या आधी ती नकळत डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर जायची, अंगठा किंचित उचलून. एवढंसंच. बघणाऱ्यांची नजर खांद्यांवर असते, पायाच्या बोटांवर कोण बघतो? मास्तरांनाही ती तिची उभं राहायची ढब वाटायची. ते ओळखलं माझ्या मुलाने, कारण तिच्या लाथा झेलायला हातांवर जाड पॅड चढवून रोज तोच उभा असायचा. एकदा जेवताना हसत हसत म्हणाला, "आई, काडी लाथ मारणार हे मला तिच्याआधी कळतं. अंगठा सांगतो." काडीने त्याच्या ताटातली भाजी पळवली आणि बजावलं की हे कुठे बोलायचं नाही.

"वेडी का तू," तो म्हणाला. "पॅडचं पॅडपाशी."

हे त्या हॉलमधलं बोलणं होतं. पॅड धरणाऱ्याला समोरच्या माणसाचं सगळं कळतं. दम कधी जातो, कुठला खांदा दुखतो, घाबरल्यावर तो काय करतो. म्हणून तिथे कळलेलं तिथेच ठेवायचं, आणि ज्याचे पॅड आपण धरले, लढतीत त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात मदतीला कधी उभं राहायचं नाही. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडलेलंही मी पाहिलं नव्हतं. मला ते लगेच पटलं होतं, कारण आमच्या धंद्यात तेच. कोणाच्या चादरीवर कसला डाग होता ते लॉन्ड्रीवालीने बोलायचं नसतं.

माझा मुलगाही आधी लढायचा. एका लढतीत त्याने सगळा जोर लावून लाथ घातली आणि समोरच्याने नुसती नडगी वर केली. नडगीवर नडगी. तो आवाज मी सांगणार नाही. पाय बरा झाला, पण तो परत पिंजऱ्यात गेला नाही. लोक त्याला काडीचा पॅडवाला म्हणायला लागले. तो हसायचा. त्या हसण्याकडे मी तेव्हा नीट बघितलं नसावं.

मग मुख्य रस्त्यावर ती नवी काचेची जिम झाली आणि त्याला तिथे नोकरी लागली. लहान मुलांना शिकवायचं, पगार नियमित, अंगावर जिमचं नाव छापलेला टीशर्ट. आम्हाला आनंदच झाला. तो टीशर्ट मी स्वतः इस्त्री करून देत होते.

त्याच जिममध्ये अजगर नावाने ओळखली जाणारी एक मुलगी तयारी करायची. ती मुळातली पैलवान. अंगाने फार मोठी नव्हती, पण एकदा विळखा बसला की सुटका नाही, म्हणून हे नाव. आणि काडीची पुढची लढत ठरली ती तिच्याशीच. जी जिंकेल तिला मोठ्या स्पर्धांच्या मालिकेत जागा मिळणार होती. काडीचं वय तिशीकडे झुकलेलं. मास्तरांनी तिला साफ सांगितलं होतं की अशी संधी परत दार वाजवणार नाही.

मी मुलाला समोर बसवून विचारलं, तुझा तिच्याशी काही संबंध येतो का. तो म्हणाला, "ती वरच्या मजल्यावर असते, आई. माझ्याकडे लिफ्टचं कार्डसुद्धा नाही." कोपऱ्यात येशील का असं काडीने विचारलं तर म्हणाला, जिमची नोकरी आहे, तुझ्या कोपऱ्यात येता येत नाही, आणि तिच्या कोपऱ्यात तर मी मेलो तरी उभा राहणार नाही. काडीला ते इतकं आवडलं की दोन दिवस सगळ्यांना सांगत होती, दादा नियमाचा पक्का आहे.

त्याची जागा भरायला कोणी नव्हतं, म्हणून कोपऱ्यात मी गेले. बादली, बर्फ, स्टूल आणि टॉवेल. मास्तर म्हणाले, "ताई, तुम्हाला पिळायची सवय आहे, टॉवेल तुमच्याकडे."

पिंजऱ्याच्या बाहेर आम्ही बसतो तिथून लढणाऱ्यांचे पाय अगदी डोळ्यांसमोर येतात. घंटा झाली. काडीने छान सुरुवात केली. दोन ठोसे, मग पोटरीवर लाथ, आणि पाय लगेच मागे. अजगरने पाऊल झटकलं. परत तेच. अजगरचे हात वर गुंतलेले बघून मास्तर म्हणाले, "आता कमरेची." काडीचं डावं पाऊल कडेवर गेलं, आणि लाथ जमिनीवरून सुटायच्या आधी अजगरचा हात बरगडीपाशी येऊन थांबला होता. पाय आयता काखेत. काडी पाठीवर पडली.

मास्तर म्हणाले, नशीब तिचं. काडी कशीबशी उठली. पुन्हा तसंच झालं. अजगर काडीच्या खांद्यांकडे बघतच नव्हती. तिची नजर खाली होती, हरवलेलं काहीतरी शोधत असल्यासारखी. तिसऱ्या वेळी काडी जरा वेळ घेऊन फिरत राहिली, तेव्हा समोरच्या कोपऱ्यातून त्यांचा कोच ओरडला, "अंगठा! अंगठा बघ!"

त्या गर्दीत हजारभर माणसं असतील. हा कशाबद्दल बोलतोय हे त्यातल्या कोणाला कळलं नसेल. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "अंगठा काय म्हणतोय हा?" माझ्या हातातला बर्फ वितळत होता आणि मला तो गार लागत नव्हता. जगात ते तीन माणसांना माहीत होतं. एक पिंजऱ्यात होती आणि एक मी होते.

पहिला राउंड संपला. मी स्टूल ठेवलं, तिच्या मानेवर बर्फ धरला. मास्तर तिला श्वास घ्यायला सांगत होते. सांगावं की नाही याचा विचार करायला वेळच नव्हता. सांगितलं तर भाऊ जाणार, नाही सांगितलं तर पाय. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "तुझा अंगठा त्यांना माहीत आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. कोणी सांगितलं असं विचारलं नाही. फक्त म्हणाली, "आलाय का तो?"

"दिसला नाही," मी म्हणाले.

दुसरा राउंड असाच गेला. तिने एकही लाथ मारली नाही. मास्तर म्हणायचे तसंच झालं, लाथेची भीती गेली आणि अजगर सरळ चालत आत आली. पट काढला, वर बसली, आणि बराच वेळ काडी तिच्याखाली दबून राहिली. पण खरं सांगायचं तर तो राउंड अंगठ्याने गेला नाही. काडी तिथे लढतच नव्हती. खाली दबलेली असताना तिचं तोंड जाळीकडे होतं आणि ती बाहेरच्या खुर्च्यांवर एकेक चेहरा बघत होती. दादाला शोधत होती. मास्तर घसा फोडून ओरडत होते आणि मला त्यांना सांगता येत नव्हतं की हिला आत्ता काहीही ऐकू जाणार नाही.

परत येऊन बसली तेव्हा डोळा सुजायला लागला होता. मी टॉवेलने तोंड पुसलं. ती रडत नव्हती. "मावशी," ती म्हणाली, "त्यांना अंगठाच बघायचाय ना? मग अंगठाच दाखवते."

तिसऱ्या राउंडमध्ये दोघीही घामाने निथळत होत्या. काडी पुढे सरकली, डावं पाऊल कडेवर, अंगठा वर. अजगरचा हात लगेच खाली बरगडीपाशी. लाथ आलीच नाही, आला तो ठोसा, उघड्या पडलेल्या गालावर. पुन्हा अंगठा. अजगर पाय पकडायला वाकली आणि लाथ पोटरीवर बसली. ती लंगडायला लागली. आता तिला कळेना की खाली बघावं की वर. मग एकदा काडीचं पाऊल सपाट होतं, अंगठा जमिनीला टेकलेला, आणि अजगर निर्धास्तपणे पट काढायला झेपावली. लाथ वर गेली. कशी गेली देव जाणे, त्या पावलावर फिरताना सांधा किती दुखला असेल ते मीच जाणते. अजगर गुडघ्यांवर आली आणि तोंडावर पडली. सगळा हॉल उठून उभा राहिला. काडी तिच्यावर धावली, पण अजगरने पडल्या पडल्या तिच्या पायांना विळखा घातला आणि घंटा होईपर्यंत सोडलं नाही.

पहिले दोन राउंड तिचे, तिसरा आमचा. पंचांनी अजगरचा हात वर केला. त्यात पंचांची काही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉन्ड्री उघडली आणि मुलगा आला. त्याच टीशर्टमध्ये. त्याने काउंटरवरचा गठ्ठा उगाच सरळ केला आणि मी विचारायची वाट न बघता बोलायला लागला. खेळात हे चालतंच, सगळे एकमेकांचे व्हिडिओ बघतात, आज ना उद्या कोणाच्या तरी लक्षात आलंच असतं. वरच्या मजल्यावरच्या कोचने बोलावून घेतलं होतं. मोठ्यांची बॅच देतो म्हणाला होता. आयुष्यभर काडीचा पॅडवाला म्हणून राहायचं का त्याने? मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "आणि असं काय मोठं गुपित होतं ते, आई? अंगठाच तर होता."

मी म्हणाले, "तो कसा मोडला तेही सांगितलंस का त्यांना?"

तो पुन्हा गठ्ठा सरळ करायला लागला.

"ती फळी आठवते ना? तिचा हात पोचत नव्हता तिथे."

इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा बोलले. तो लहानपणी झाला होता तसाच पांढरा पडला. आईला माहीत होतं हे त्याला माहीत नव्हतं. मला वाटलं आता तो माफी मागेल, आणि मागितली असती तर मी काय केलं असतं ते मला आजही ठरवता येत नाही. पण तेवढ्यात काडी जिन्यावरून खाली आली. एक डोळा पूर्ण मिटलेला, हातात वरून आणलेले पॅड. तिने ते त्याच्यापुढे धरले.

"धर," ती म्हणाली.

त्याला नाही म्हणता आलं नाही. गठ्ठ्यांच्या मधल्या जागेत तो पॅड चढवून उभा राहिला. तिने अंगठा उचलला. त्याने सवयीने पॅड बरगडीपाशी आणला. लाथ त्याच्या कानापाशी येऊन थांबली. पुन्हा अंगठा उचलला. आता त्याने पॅड वर नेला, तर लाथ बरगडीला नुसती टेकली. मग अंगठा जमिनीवर, मग हवेत, मग जमिनीवर. प्रत्येक वेळी पॅड एकीकडे आणि लाथ भलतीकडे. तिने एकदाही जोराने मारलं नाही. दम लागल्यासारखा तोच धापा टाकत होता. इतकी वर्षं तिच्याआधी त्याला तिचं मन कळायचं, आणि आता ती समोर उभी होती आणि त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"हे जाऊन सांग त्यांना," ती म्हणाली. एवढंच. का केलंस असं तिने त्याला तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. मग जवळ जाऊन तिने स्वतः त्याच्या हातांचे पट्टे सोडवले. लहानपणी तो तिच्या बुटांच्या नाड्या बांधायचा, तेवढ्याच जवळून. आणि पॅड घेऊन वर निघून गेली.

पुढे तिने दुसरीकडून वाट काढली, काही लढती जिंकल्या, काही हरल्या. ती मोठी मालिका मात्र राहिली ती राहिलीच. आता तिचा स्वतःचा हॉल आहे, पन्नासेक मुली येतात. पैलवानापुढे लाथ कधी मारायची आणि कधी नाही, ते ती मास्तरांच्याच शब्दांत शिकवते. ओल्या चादरीचंही सांगते. म्हणते, मावशीने मला खात्री करून दिली आहे.

मुलगा लांब असतो. दर रविवारी न चुकता फोन करतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, सुनेला फोन देतो, नातवाला देतो. वाईट मुलगा आहे असं मला म्हणता येणार नाही. मग शेवटी, फोन ठेवता ठेवता, अगदी सहज विचारल्यासारखं विचारतो, "काडी कशी आहे? काय चाललंय तिचं सध्या?"

कधी तिची पाठ धरलेली असते, कधी एखादी चांगली मुलगी हॉल सोडून गेलेली असते आणि ती रात्रभर झोपलेली नसते. कधी नुसतीच खुशीत असते. मला सगळं माहीत असतं, कारण ती मला सगळं सांगते. पोटचा मुलगा विचारतो आहे, आणि ओठांवर येतंही.

"बरी आहे," मी म्हणते, आणि हवेचं विचारते.